भारी प्लास्टिक, साधं प्लास्टिक

लग्नकार्यात, बारशाला, अगदी दहाव्या-बाराव्यालासुद्धा नातेवाईक भेटले की "तू नक्की काय करतोस रे?" हा प्रश्न ठरलेला. "प्लास्टिकच्या मोल्डचं डिझाइन" असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे बादल्या आणि टमरेलं तरळतात. मग मी घाईघाईने "इंजिनिअरिंग प्लास्टिक हो, मेडिकलचं काम" अशी पुस्ती जोडतो आणि भाव जरा वधारतो. पण त्यातलं खरं कुणालाच कळत नाही. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. शिवाय यंदा रेवसला आत्याकडे जे झालं, त्यानंतर या विषयावर माझं एक ठाम मत झालंय. तेही सांगायचंय.

तर आधी थोडी ओळख. गावात असते तशी आमच्या धंद्यातही वरची आळी आणि खालची आळी आहे. खालच्या आळीत पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन (कारखान्यात त्याला नुसतं 'पीपी' म्हणतात), पीव्हीसी ही मंडळी. पिशव्या, बादल्या, दोऱ्या, पाइप यांच्यातली. वरच्या आळीत नायलॉन, पॉलिकार्बोनेट, अ‍ॅसिटल (याचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे 'डेलरिन'च म्हणतात). एबीएस उंबऱ्यावर उभं, पण स्वतःला वरच्या आळीतलंच समजतं. आणि सगळ्यांच्या वर, माडीवर, 'पीक' नावाचं प्लास्टिक. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये दोन मणक्यांच्या मधे जो ठोकळा बसवतात तो याचा असतो. वरच्या आळीतल्यांना म्हणायचं इंजिनिअरिंग प्लास्टिक. म्हणजे जे भार सोसेल, गरम झालं तरी आकार सोडणार नाही, धातूच्या जागी बसवता येईल असं.

दवाखान्यात नजर टाकली तर दोन्ही आळ्या शेजारी शेजारी नांदताना दिसतात. सिरिंजचं नळकांडं पीपीचं, सलाइनची नळी पीव्हीसीची, डायलिसिसच्या फिल्टरचं पारदर्शक कवच बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटचं, इन्सुलिनच्या पेनातली इवलीशी चाकं अ‍ॅसिटलची, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं कवच एबीएसचं. मोतीबिंदूनंतर बसवायची लेन्स कित्येक वर्षं अ‍ॅक्रिलिकची असायची. आमच्या आजीच्या डोळ्यात तीच होती. तिला सांगितलं की तुझ्या डोळ्यात प्लास्टिक आहे, तर म्हणाली, "असू दे, सुई ओवता येते ना!"

आता माझं मत. ही आळ्यांची वाटणी पुस्तकात ठीक आहे, पण वैद्यकीय वस्तू बनवताना तिने आपल्या लोकांचं नुकसान केलंय. "इंजिनिअरिंग प्लास्टिक वापरलंय" हे वाक्य आपल्याकडे दर्जाची खूण म्हणून मिरवलं जातं. ते प्लास्टिक ज्या घरात, ज्या हवेत, ज्यांच्या हातात राहायचंय त्याचा विचार न करता.

रेवस ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी.. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघालात की बंदर ओलांडून जिथे उतरता ते रेवस. अलिबाग तालुक्याचं उत्तर टोक. समोर खाडीपलीकडे करंजा, बाजूला बोडणीचा कोळीवाडा, मागे खारेपाटातली भातशेती. ओहोटीला धक्क्याजवळ गाळच गाळ. अलिबागचं सिव्हिल हॉस्पिटल रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर. हवेला कायम मिठाची चव. आत्याच्या घरातल्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, आणि टीव्हीच्या मागच्या स्क्रूंवर हात फिरवला तर बोटाला गंज लागतो.

आत्याने चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. त्या धुराने फुप्फुसं गेली. सीओपीडी. २०२१च्या दुसऱ्या लाटेत तिला कोविड होऊन गेला, तेव्हा आतेभावाने धावपळ करून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवला. त्या महिन्यांत मिळेल ते यंत्र मिळेल त्या भावाने लोक घेत होते, आठवत असेल. कोविड गेला, पण डॉक्टरांनी घरीच रोज काही तास ऑक्सिजन चालू ठेवायला सांगितला, तेव्हापासून ते यंत्र घरातल्या माणसासारखं होऊन गेलंय. पहिलं बिघडल्यावर दादाने दुसरं घेतलं, चांगल्यातलं, जाहिरातीत 'हाय ग्रेड इंजिनिअरिंग प्लास्टिक' असं ठळक लिहिलेलं.

या यंत्राचं काम सोपं असतं. बाहेरची हवा आत ओढायची, झिओलाइट नावाच्या खड्यांच्या दोन डब्यांतून ती आळीपाळीने दाबून काढायची, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, आणि उरतो तो नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन. तो काट्यातून, म्हणजे फ्लो मीटरमधून जातो, मग पाण्याच्या एका छोट्या बाटलीतून बुडबुडत जातो म्हणजे नाक कोरडं पडत नाही, आणि मग नळीने नाकात. क्रम लक्षात ठेवा. आधी मीटर, मग बाटली, मग नाक.

यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही दोन दिवसांसाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या अस्वस्थ. बोलताना वाक्य पुरं होईना. ऑक्सिमीटर लावला तर ८४. एरवी यंत्रावर असताना ९१-९२ असायचा. वहिनी म्हणाली, "सकाळपासून असंच करतायत. पण मशीन बघा ना, दोनवरच आहे." खरंच मीटरमधली गोळी २ लिटरच्या रेघेवर शांत बसलेली. यंत्राचा आवाज नेहमीचा. लाल दिवा नाही, पिपाणी नाही. दादा गाडी काढायच्या तयारीत.

मी नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. (ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी हे शिकून ठेवा. पेल्यात बुडबुडे आले पाहिजेत.) एकही बुडबुडा नाही. मग बाटलीच्या झाकणाभोवती ओलं बोट फिरवलं, तर फुस्स. झाकणाला आट्यांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चार-पाच चिरा होत्या. ऑक्सिजन मीटरमधून इमानाने २ लिटर जात होता आणि झाकणाच्या चिरांतून खोलीत पसरत होता. आत्याच्या नाकात काही नाही. मीटर बाटलीच्या आधी असल्यामुळे त्याला बिचाऱ्याला कळणार कसं?

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एवढ्या कमी प्रवाहाला बाटली नसली तरी चालतं, नळी सरळ यंत्राला जोडा आणि ऑक्सिमीटर बघत राहा, ९०च्या आसपास आला नाही तर लगेच अलिबागला आणा. जोडली. अर्ध्या तासात ९०. आत्या उठून बसली आणि पहिलं वाक्य काय, तर "चहा कुणी टाकला की नाही?"

हुश्श!

मग मी ते झाकण घेऊन ओसरीवर बसलो. धंद्याची खोड. पहिली परीक्षा पाण्याची. पीपी पाण्यावर तरंगतं. हे बुडालं. कडेचा एक कपचा जाळून पाहिला. काजळी धरणारी पिवळी ज्योत आणि स्टायरीनचा तो उग्र गोडसर वास. एबीएस. आता, एबीएसचं झाकण हातातून पडून फुटलं असतं किंवा कुणी पिळून तोडलं असतं, तर तुटल्या जागी ते पांढरं पडलं असतं. इथे पांढरेपणा कुठेच नव्हता. चिरा गुळगुळीत, काचेसारख्या, आणि एका ओळीत. ही खूण एकाच गोष्टीची. आमच्या भाषेत स्ट्रेस क्रॅकिंग.

म्हणजे काय? प्लास्टिकच्या काही जाती अशा असतात की त्यांना नुसता ताण दिला तर त्या वर्षानुवर्षं सोसतात. नुसतं तेल किंवा रसायन लावलं तरी काही होत नाही. पण दोन्ही एकाच वेळी मिळालं की रसायन ताणलेल्या जागी हळूहळू आत शिरतं, साखळ्या एकमेकींना धरून असतात त्या सैल करतं, आणि एक दिवस चीर जाते. एबीएस, पॉलिकार्बोनेट, अ‍ॅक्रिलिक, म्हणजे ज्यांच्या आत रेणूंची शिस्तीत रांग लागत नाही ती प्लास्टिकं याला लवकर बळी पडतात. पीपी आणि पॉलिथिनच्या आत बराचसा भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो, त्यामुळे तेलाफिनेलाला ती बऱ्यापैकी दाद देत नाहीत. हेल्मेटवर रंग मारू नका, पेट्रोलने पुसू नका असं कंपन्या सांगतात ते याचसाठी. हॉस्पिटलमध्ये हे जुनंच दुखणं आहे. शिरेतून द्यायच्या औषधांसाठी पॉलिकार्बोनेटचे छोटे कॉक असतात, त्यांच्यातून तेलकट पोषणद्रव्य दिलं की त्यांना तडे जातात हे जगभर नोंदलेलं आहे.

आत्याच्या झाकणाला ताण कुठून? घट्ट पिळण्यातून. गळू नये म्हणून वहिनी ते रोज पिळून पिळून बसवायची, आणि का नाही बसवणार? आणि रसायन? घरातली सगळी पुसापुशी ज्याने होते ते फिनेल, कोविडपासून अंगवळणी पडलेलं सॅनिटायझर, आणि कोकणातल्या कुठल्याही घरात प्रत्येक हाताला असतं ते खोबरेल. (इथे एक सूचना देऊनच टाकतो. ऑक्सिजनजवळ तेल किंवा व्हॅसलिन नकोच, आगीचा धोका असतो. नाक कोरडं पडत असेल तर डॉक्टरांना विचारून पाण्यावर आधारलेलं मलम घ्या.) यातल्या कशाने नेमकी चीर पाडली हे ठरवण्याची गरजच नाही. तिन्ही त्या घरात रोज असणार होते. यंत्र तिथे यायच्या आधीपासून होते.

दादाने कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या तिचा नाही. उत्तर मिळालं, "कस्टमरने चुकीचं क्लीनर वापरलं, वॉरंटीत बसत नाही." मॅन्युअल काढलं. इंग्रजीत. शेवटाकडच्या एका पानावर मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ : सौम्य साबण वापरावा. नुसतं झाकण मिळेल का? नाही, पूर्ण बाटलीचा सेट घ्यावा लागेल. तो यायला नऊ दिवस लागले.

फोनवरचा मुलगा काय करणार, तो त्याच्या समोरचा कागद वाचत होता. पण 'चुकीचं' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. वैद्यकीय यंत्रांसाठी आयएसओ १४९७१ नावाचं एक प्रमाण आहे, धोक्यांचा हिशेब कसा मांडायचा याचं. त्यात स्पष्ट सांगितलंय की वस्तूचा योग्य वापर तर विचारात घ्याच, पण ज्याचा आधीच अंदाज बांधता येईल असा गैरवापरही घ्या. आता मला सांगा, घरात आजारी माणूस असलेली बाई ऑक्सिजनची बाटली जंतुनाशकाने पुसेल आणि झाकण घट्ट लावेल, याचा अंदाज बांधायला काय ज्योतिषी लागतो? मी तर याला गैरवापरही म्हणणार नाही. ही काळजी आहे. काळजी घेतल्याने जी वस्तू फुटते ती चुकीची बनवलेली आहे.

तुम्ही म्हणाल, स्वस्तात पडतं म्हणून केलं असेल. गंमत तिथेच आहे. पीपीचा दाणा (कच्चा माल दाण्यांच्या रूपात येतो, म्हणून 'दाणा') एबीएसच्या दाण्यापेक्षा स्वस्त असतो! म्हणजे पैसा वाचवायला एबीएस घेतलेलं नाही. मग का? एक, एबीएसला चकाकी छान येते. दोन, साच्यातून निघून गार होताना ते कमी आकसतं, शेकडा अर्धा टक्का वगैरे. पीपी आकसतं दीड-दोन टक्के, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे पीपीच्या झाकणाचे आटे नीट जुळवणं हे साचा बनवणाऱ्याची परीक्षा पाहणारं काम असतं. एबीएससाठी कापलेल्या साच्यात नुसता पीपीचा दाणा ओतून भागत नाही, साचा नवा लागतो. आणि तीन, हे सगळ्यात महत्त्वाचं, मीटिंगमध्ये "झाकण पीपीचं करू" असं म्हणणाऱ्याकडे लोक बघतात. पीपी म्हणजे बादलीचं प्लास्टिक. खालच्या आळीचं. चाळीस हजारांच्या यंत्राला बादलीचं झाकण?

अशा मीटिंगा मी बसून पाहिल्यात. डेटाशीट उघडलं जातं, ताकदीचा आकडा बघितला जातो, उष्णतेचा बघितला जातो. खोबरेलाचा रकाना डेटाशीटवर नसतो.

या बाबतीत मोठमोठ्यांनी ठेचा खाल्ल्यात. इंग्लंडचे जॉन चार्नली, कृत्रिम खुब्याच्या सांध्याचे आजचे जनक म्हणावेत असे सर्जन. त्यांनी पहिल्यांदा खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. का? जगातलं सगळ्यात घसरडं प्लास्टिक. कागदावर याहून योग्य काही नाही. काही वर्षांत शेकडो रुग्णांच्या वाट्या झिजल्या, झिजेची भुकटी आजूबाजूच्या मांसात साचली, आणि माणसाने खचावं अशी ती परिस्थिती होती. मग एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत एक पॉलिथिन घेऊन आला, लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या चाकांसाठी वापरत ते. चार्नलींना त्यात राम वाटला नव्हता. त्यांच्या हाताखालच्या कारागिराने, हॅरी क्रेव्हनने, ते तरीही झिजवण्याच्या यंत्रावर चढवलं आणि ते झिजेचना. १९६२ पासून त्याच अतिलांब साखळ्यांच्या पॉलिथिनच्या वाट्या बसू लागल्या आणि त्याच घराण्यातलं प्लास्टिक आजही खुब्यात-गुडघ्यात बसतं. खालच्या आळीतलं नाव, गिरणीतून आलेलं! (गिरणगावात आयुष्य काढलेली आपल्याकडची कितीतरी माणसं आज गुडघे बदलून घेतायत. त्यांना हे सांगितलं पाहिजे.) आणि टेफ्लॉन खराब होतं का? मुळीच नाही. रक्तवाहिन्यांच्या कृत्रिम नळ्यांत त्याचंच एक रूप उत्तम काम करतं. जागा चुकली होती, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून जवळचं. जयपूर फूट. १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय घडवला तो रबराचा. परदेशी पाय बुटात घालायचा असायचा. आपल्या माणसाला अनवाणी चिखलात जायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते. शर्मांचं शिक्षण बेताचंच, पण त्यांना हे माहीत होतं. पुढे मांडीला-पोटरीला धरणारी वाटी ॲल्युमिनियमऐवजी एचडीपीई पाइपची करू लागले. हो, शेतात पाणी न्यायला असतो तोच पाइप. भट्टीत तापवून मऊ करायचा, आणि रुग्णाच्या अवयवाच्या प्लास्टरच्या ठशावर चढवायचा. खारेपाटात भात लावणाऱ्या माणसाला तो पाय चालतो, कारण मुळात तशा जमिनीसाठीच तो केलेला आहे. कुठल्याही वरच्या आळीच्या पुस्तकात बघितलं असतं तर एचडीपीईचं नाव सुचलं नसतं.

पण "मग सगळं पीपीचंच करा" असंही माझं म्हणणं नाही बरं का. इथे पुन्हा रेवसचाच भूगोल कामाला येतो. रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की जी खाडी दिसते ती धरमतरची. ती वर गेली की अंबा नदी, आणि अंबेच्या काठी नागोठणं. समुद्रातल्या बॉम्बे हायचा वायू उरणला येतो, त्यातला इथेन-प्रोपेन नागोठण्याला जातो, आणि तिथे त्याचे दाणे होतात. पूर्वी आयपीसीएल, २००७ पासून रिलायन्समध्ये विलीन. पॉलिथिन आणि पीपी दोन्ही. म्हणजे आत्याच्या झाकणाला जे प्लास्टिक हवं होतं ते तिच्याच खाडीच्या दुसऱ्या टोकाला तयार होतं! आणि बंदराच्या उत्तरेला ट्रॉम्बे. तिथे १९७४ साली 'आयसोमेड' सुरू झालं, वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा देशातला पहिला मोठा प्रकल्प. खोक्यात बंद केलेल्या वस्तू खोक्यासकट कोबाल्टपुढून फिरवायच्या, साधारण २५ किलोग्रे मात्रा द्यायची, बाहेर आल्या की निर्जंतुक. उष्णता नाही, वाफ नाही.

आणि तिथे साध्या पीपीची मान खाली जाते. गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, आणि वाईट म्हणजे किरण थांबले तरी ते तुटणं आत महिनोन्‌महिने चालू राहतं. कारखान्यातून निघताना धडधाकट असलेली वस्तू वर्षभराने कपाटात ठिसूळ झालेली सापडते. त्यासाठी पीपीची खास किरण सोसणारी जात घ्यावी लागते. अ‍ॅसिटलही किरणांत कमजोर होतं, टेफ्लॉन तर पार मोडतं. पॉलिकार्बोनेट टिकतं, फक्त जरा पिवळं पडतं. उलट वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना पीपी आरामात राहतं आणि एबीएस वाकडंतिकडं होतं. घरी उकळत्या पाण्यात टाकायचं झालं तरी तेच. शिवाय बाटलीतलं पाणी दिसायला हवं, आणि साधं पीपी धुरकट. म्हणजे बाटली एका जातीची, झाकण दुसऱ्या. सुना-जावयांची पत्रिका जुळवावी तसा हा प्रकार आहे, फक्त इथे खरंच काहीतरी जुळावं लागतं.

'मेडिकल ग्रेड' हा आणखी एक शब्द. लोकांना वाटतं ते काहीतरी वेगळं, शुद्ध, चमकदार प्लास्टिक. बहुतेक वेळा तो दाणा दिसायला आणि रसायनात जवळपास तसाच असतो. फरक असतो तो शब्द पाळण्याचा. घटक गुपचूप बदलणार नाही, बदललेच तर आधी कळवू, आणि शरीराशी जुळतं का याच्या चाचण्यांचे कागद दाखवू. हा शब्द पाळायचा तर पुढे मोल्डिंगवाल्यानेही पाळायला हवा. साच्यातून निघालेले रनर दळून पुन्हा दाण्यात मिसळणं ही बादलीसाठी काटकसर असेल. सिरिंजसाठी ती गद्दारी आहे. आपल्याकडे २०१७चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आले, एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय साधनं औषधांच्या कायद्याखाली आली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या वर्गांना परवाना बंधनकारक झाला. चांगलं झालं. कागद वाढले म्हणून आमच्या धंद्यात कुरकुर आहे, मी त्या कुरकुरीत नाही. पण कागदात हवा, पाणी, हात यांचा विचार आपोआप येत नाही.

आयआयटी मुंबईत 'बेटिक' नावाचं केंद्र २०१४ पासून आहे, राज्य सरकारच्या मदतीने सुरू झालेलं. पुण्यात सीओईपी आणि नागपुरात व्हीएनआयटीतही त्याच्या शाखा झाल्या. डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसवायचे ही त्यांची कल्पना मला मनापासून आवडते. माझी भर एवढीच की त्या टेबलावर तिसरी खुर्ची वहिनीची असावी. ती यंत्र रोज उचलते, धुते, भरते. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की झाकण किती पिळलंय हे कळत नाही, एक 'टक' आवाज तरी यायला हवा होता. (हे ती मला खरंच म्हणाली. आणि असा 'टक' देणारी रचना साच्यात करणं काही अशक्य नाही. औषधाच्या बाटल्यांना असते.)

दादाचं मत वेगळं. तो म्हणतो, "तू प्लास्टिकवाला म्हणून प्लास्टिकची बाजू घेणार. पितळेचं झाकण केलं असतं तर आत्ता हा प्रश्नच नव्हता." रेवसच्या हवेत पितळ महिन्याभरात हिरवं होतं हे त्याला त्याच्याच देवघरातली समई दाखवून सांगावं लागलं. पण त्याच्या बोलण्यातला एक मुद्दा मी मानतो. पितळी तांब्याला चीर गेली तर कल्हईवाला डाख देऊन द्यायचा. या झाकणाला अख्ख्या रायगड जिल्ह्यात डाख देणारा कुणी नाही. मग निदान सुटं झाकण तरी मिळावं. पंधरा-वीस ग्रॅमचा तो तुकडा. यंत्रासोबत दोन जास्तीची दिली तर कुठली कंपनी बुडणार आहे?

आणि त्यावर नाव छापावं. गाडीच्या बंपरच्या आतल्या बाजूला तो कशाचा आहे हे कोरलेलं असतं, भंगारवाल्याला वेगळं काढता यावं म्हणून. ज्या झाकणातून माणसाचा श्वास जातो त्याच्यावर मात्र काही नाही. प्लास्टिकचं नाव, आणि कशाने धुवायचं ते मराठीत, झाकणावरच. "फक्त साबण आणि पाणी. फिनेल, तेल नको. आवाज येईपर्यंत फिरवा." एवढी अक्षरं साच्यात कोरणं आमच्या टूलरूममधल्या पोराचं एका दिवसाचं काम आहे. मॅन्युअल कपाटात जातं. झाकण रोज हातात येतं.

हे सगळं मी त्या कंपनीला सविस्तर पत्राने कळवलंय, चिरांचे जवळून काढलेले फोटो जोडून. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं. सुट्या झाकणाबद्दल काही नाही.

दरम्यान आत्याच्या डॉक्टरांनी बाटली काढूनच टाकायला सांगितली. तिच्या २ लिटरला ती लागतच नाही म्हणाले, आणि गेले काही महिने तिचं नाक कोरडं पडल्याची तक्रारही नाही. नवा आलेला सेट वहिनीने धुऊन फळीवर ठेवलाय. साबणाने.